कंदील कंपनीचं 'इतर उत्पन्न'

ऑफिस बंद झालं की फायली रद्दीवाला नेतो, टेबलं लिलावात जातात, भिंतीवरचं घड्याळसुद्धा कुणी तरी पिशवीत घालून नेतं. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते आपल्याच घरी राहायला येतात आणि दर वर्षी वाढत जातात. परवा माटुंग्याला आम्ही जुने चौघे इडली खायला जमलो, तर बिल येईपर्यंत सहा किस्से झाले. बिल आल्यावर आणखी एक झाला, कारण पैसे कुणी काढायचे ते ठरत नव्हतं.

त्यातलेच हे. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. आमची कंपनी कंदिलांची. कारखाना लालबागला, ऑफिस गिरगावात. कारखान्यात दोनशे माणसं, ऑफिसात आम्ही नऊ. मी अकाउंट्समध्ये ज्युनिअर क्लार्क. वय बावीस, आणि आत्मविश्वास पन्नाशीतल्या माणसाचा. तो अजून पन्नाशीतच आहे, मी पुढे आलो.

* * *

पहिल्याच दिवशी मला तळपदेकाकांच्या शेजारी बसवलं. काका गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले. इस्त्रीचा पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी, टेबलावर तीनच वस्तू. पाकीट फोडायची सुरी, रबरी शिक्का आणि पानाचा डबा.

"काय रे कर्णिक, आपली कंपनी काय करते?"

"कंदील."

"चूक! कंदील लालबागला करतात. कंपनी पैसे करते, आणि ते या टेबलावर करते!"

मला वाटलं, म्हातारा नव्या पोराची फिरकी घेतोय. तेवढ्यात पोस्टमन आला. काकांनी सुरीनं एक पाकीट फोडलं, आतला कागद माझ्यापुढे धरला. कुठल्याशा कंपनीचा डिव्हिडंड होता. आकडा पाहून मी खुर्चीत सरळ बसलो.

भानगड अशी होती. आमच्या मालकांचे, भाऊसाहेबांचे, वडील धंद्यात मुरलेले. कंदिलांचे चांगले दिवस होते तेव्हा उरलेला पैसा त्यांनी दुसऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये, सरकारी रोख्यांत आणि दादरच्या एका इमारतीत घातला. त्यांचा डिव्हिडंड, व्याज आणि भाडं या टेबलावर येई. आमच्या वार्षिक अहवालात त्याची एकच ओळ छापत: 'इतर उत्पन्न.' तिच्यावर कंदिलांच्या चौदा ओळी. खेडोपाडी वीज पोचायला लागली होती, पत्रा महाग झाला होता, आणि त्या चौदा ओळींची बेरीज-वजाबाकी केली तर हातात शून्य उरे. कधी शून्याच्याही खाली. नफा म्हणून जो काही दिसे, तो त्या शेवटच्या एका ओळीतला.

काकांनी कागदावर शिक्का मारला, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "चला, झालं आजचं उत्पादन!"

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

* * *

ही ओळ ज्यांना ठाऊक नव्हती त्यांत पहिला नंबर परबांचा. परब आमचे फोरमन. मूळचे मालवणकडचे, राहायला कारखान्याच्या मागच्याच चाळीत. दोन धाकटे भाऊ आणि मेव्हणा याच कारखान्यात. म्हणजे भोंगा वाजला नाही तर परबांच्या घरातल्या चार चुली एकदम विझणार. त्यांचं ठाम मत होतं की गिरगावातली आम्ही नऊ माणसं त्यांच्या कंदिलांवर जगतो.

परबांची एक पद्धत होती. शंभर कंदील झाले की त्यातला एक उचलायचा, पेटवायचा आणि कारखान्याच्या दारात, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात टांगायचा. पाच मिनिटांत विझला तर शंभरच्या शंभर परत. कुणी कितीही गयावया केली तरी परत.

एकदा ते पगाराची थैली न्यायला ऑफिसात आले. काकांनी मुद्दाम काडी टाकली.

"परब, तुमच्या दोनशे माणसांनी महिनाभरात जे मिळवलं ना, ते मी बसल्या जागी चार पाकिटांत मिळवलं!"

परबांनी थैली खाली ठेवली. "खोटा बोलतास तुमी. माका काम करून दाखवा."

"बसा. बघा."

परब खरंच तासभर समोर बसले. काकांनी एक पाकीट फोडलं, एक शिक्का मारला, दोन पानं खाल्ली. परब उठले, थैली उचलली आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "कर्णिकानू, म्हाताऱ्याक नोकरेत ठेवल्यानी ती दयेपोटीच मा? ऱ्हवांदे. मी कोणाक सांगूचंय नाय."

काकांना मी ते लगेच सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

मग एक वर्ष असं आलं की आमचा नफा एकदम दुप्पट छापून आला. भाऊसाहेबांनी ऑफिसभर पेढे वाटले, काकांना स्वतःच्या गाडीतून जेवायला नेलं, आणि वार्षिक सभेत भागधारकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की भाऊसाहेबांना भाषण मध्येच थांबवावं लागलं.

झालं होतं एवढंच, की वडिलांनी घेतलेले थोडे शेअर त्या वर्षी चांगल्या भावाला विकले होते.

पुढच्या एप्रिलमध्ये भाऊसाहेब काकांच्या टेबलाशी आले. "तळपदे, गेल्या वर्षीसारखं यंदाही होऊन जाऊ दे!"

काका उभे राहिले. "भाऊसाहेब, ते शेअर आता दुसऱ्याच्या कपाटात आहेत. त्याला विचारू का, परत देतो का म्हणून?"

भाऊसाहेब हसले. पण विनोद त्यांना कळला नव्हता, हे मला तेव्हाच दिसलं. नफा ही एक सवय आहे, एकदा कंपनीला लागली की सुटत नाही, असंच त्यांना वाटत राहिलं.

* * *

त्याच नफ्याच्या आकड्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

दादरच्या प्रधानांची मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचे वडील रेल्वेच्या हिशेब खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. पोहे आले. पोह्यांच्या बशीशेजारी त्यांनी आमच्या कंपनीचा वार्षिक अहवाल ठेवला! लाल पेन्सिलीनं नफ्याभोवती गोल केलेला.

"वा कर्णिक, फारच भक्कम कंपनी आहे तुमची. मी म्हणतो, माझा सगळा प्रॉव्हिडंड फंड तुमच्याच शेअर्समध्ये टाकावा. जावई आत, पैसा आत!"

गप्प बसलो असतो तर नारळ तिथेच फुटला असता. पण मला कुठलं राहवतंय? मी त्यांची लाल पेन्सिल घेतली आणि शेवटच्या ओळीवर टेकवली. म्हटलं, "यातला निम्मा नफा शेअर विकल्याचा आहे. तो एकदाच आलेला, परत येणार नाही. उरलेला दुसऱ्या कंपन्यांनी पाठवलेला, तो त्यांच्या मर्जीवर. आणि कंदिलांतून किती मिळालं विचाराल तर पोहे संपल्यावर सांगतो."

माझ्या आईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. प्रधान अहवालाकडे बघत राहिले. संपलं, असं वाटून मी टोपी शोधायला लागलो.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "आणि तुमचा पगार? तो दर वर्षी येणारा आहे, की तोही एकदाच?"

प्रधान मोठ्यानं हसले. प्रॉव्हिडंड फंड त्यांनी पोस्टात ठेवला आणि मुलगी आम्हाला दिली. तिनं तो प्रश्न अजून मागे घेतलेला नाही.

* * *

चळवळ तापली. लालबाग-परळमध्ये रोज सभा, रोज घोषणा. परब तर पुढेच. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" म्हणताना त्यांचा आवाज भोंग्याच्या वर जाई. एका हरताळात कारखाना सलग आठ दिवस बंद राहिला.

महिनाअखेर मी हिशेब करून भाऊसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"कर्णिक, कारखाना आठ दिवस बंद होता ना?"

"हो साहेब."

"मग नफा वाढला कसा?"

मी खरं ते सांगितलं. आठ दिवस पत्रा लागला नाही, मजुरी द्यावी लागली नाही, तोट्याचे कंदील झाले नाहीत. आणि पाकिटं मात्र ठरल्याप्रमाणे आली. अगदी टेचात सांगितलं मी. आपण काय बोलून बसलो ते मला जिना उतरताना कळलं.

दुसऱ्या दिवशी परब गिरगावात आले, हातात टोपी घेऊन. बुडालेल्या कामाबद्दल माफी मागायला. भाऊसाहेबांनी त्यांना स्वतःसमोर खुर्ची दिली, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं.

"छे छे परब, माफी कसली! आणखी चार दिवस बंद ठेवायचा असेल तर ठेवा. माझी काही हरकत नाही!"

परब बघतच राहिले. मालक असं बोलतो? डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. त्याच संध्याकाळी लालबागच्या सभेत त्यांनी भाऊसाहेबांना बोलावून घेतलं, व्यासपीठावर चढवलं आणि झेंडूचा हार घातला. "सगळ्या मुंबयेत असो मालक मिळाचो नाय!" दोनशे कामगारांनी भाऊसाहेबांचा जयजयकार केला. त्यांना नाही कसं म्हणायचं ते सुचेना. सभाभर ते हात जोडून उभे होते.

मी गर्दीत उभा होतो. सगळे टाळ्या वाजवत होते, माझे हात उठले नाहीत. कारण दुपारीच भाऊसाहेबांनी मला एक मसुदा टाइप करायला दिला होता. कारखाना कायमचा बंद करण्याच्या नोटिशीचा.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना गाठलं. माझी समजूत अशी की काका खूश असणार. कारखाना गेला की कंपनी म्हणजे त्यांचं टेबल. भाऊसाहेबांनी त्यांना सेक्रेटरीची केबिनसुद्धा कबूल केली होती, पंख्यासकट.

काकांनी आधी पान लावलं. मग म्हणाले, "वर्षभरातली सगळी पाकिटं काढ."

आम्ही दोघांनी ती भाऊसाहेबांच्या मोठ्या टेबलावर मांडली. तीन ढीग केले. पहिला, रोख्यांचं व्याज आणि इमारतीचं भाडं. लहानसा ढीग, पण खात्रीचा. दुसरा, शेअर विकल्याचा. त्यात ते एकच जुनं पाकीट, आणि तेही रिकामं. तिसरा, डिव्हिडंडचा. सगळ्यांत मोठा.

मी म्हटलं, "साहेब, हा तिसरा ढीग आपला नाही. तिकडे कुणी तरी माल करतो, विकतो, उरलं तर आपल्याला पाठवतो. त्यानं उद्या पाठवलं नाही तर आपण काय खायचं?"

भाऊसाहेबांनी ढिगातून एक पाकीट उचललं. "कर्णिक, तुम्ही अजून लहान आहात. हे बघा. परळची साबण कंपनी. वडिलांच्या मित्राची. सगळ्यांत मोठा डिव्हिडंड हिचा, आणि आजवर एक वर्ष चुकलं नाही. माणसं आंघोळ करायची थांबणार आहेत का?"

मी चक्क मान डोलावली. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

काका म्हणाले, "बरोबर आहे, भाऊसाहेब. फक्त एक करा. गुरुवारी त्या साबण कंपनीची वार्षिक सभा आहे. आपण भागधारक आहोत, आमंत्रण आलंय. एकदा डोळ्यांनी बघून या. नोटिशीवर सही शुक्रवारी करा."

"अवश्य! या कर्णिकांनाही नेतो. त्यांची भीती जाईल."

काकांनी पाकिटं गोळा केली. केबिनचा विषय त्यांनी काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. खरं सांगतो, त्या दिवसापासून मी त्यांच्या पानाला कधी नावं ठेवली नाहीत.

* * *

आणि आता तो गुरुवार.

परळचा हॉल, खुर्च्यांच्या दहा रांगा, प्रत्येकाच्या हातात चिवड्याची बशी. भाऊसाहेब पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मागे. खिशात टाइप केलेली नोटीस, फक्त सही व्हायची होती. लालबागला परब त्याच वेळी शंभरातला एक कंदील वाऱ्यात टांगत असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

साबण कंपनीचे अध्यक्ष उठले. भाऊसाहेबांच्याच वयाचे, तसाच कोट, तसाच चष्मा.

"बंधूंनो, साबणाच्या धंद्यात आता राम राहिलेला नाही. तेल महागलंय, स्पर्धा वाढलीय. गेली चार वर्षं आपण साबणावर एक पैसाही मिळवलेला नाही."

भाऊसाहेबांचा चिवड्याचा घास तोंडापाशीच थांबला.

"परंतु," अध्यक्ष हसले, "काळजीचं कारण नाही! माझ्या वडिलांनी दूरदृष्टीनं काही गुंतवणूक करून ठेवली आहे. तिच्यातून येणारं इतर उत्पन्न इतकं उत्तम आहे, की येत्या पहिल्या तारखेपासून साबणाचा कारखाना बंद करून आपण निव्वळ त्यावर राहायचं, असा संचालक मंडळाचा विचार आहे."

टाळ्या पडल्या. मागून एका म्हाताऱ्या भागधारकानं हात वर केला. "गुंतवणूक कुठल्या कंपनीत आहे ते कळेल का? खात्रीची आहे ना?"

"दगडासारखी!" अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांत मोठा डिव्हिडंड आपल्याला लालबागच्या कंदील कंपनीकडून येतो. आजवर एक वर्ष चुकलेला नाही. आणि आपलं भाग्य असं, की त्या कंपनीचे मालक भाऊसाहेब आज स्वतः इथे बसले आहेत. भाऊसाहेब, जरा उभे राहा!"

सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. भाऊसाहेब उभे राहिले. हात जोडले. बशीतला चिवडा सगळा बुटांवर सांडला होता, त्यांना पत्ता नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी टॅक्सी थांबवली. मी ड्रायव्हरला गिरगाव म्हणालो.

"गिरगाव नको," भाऊसाहेब म्हणाले. "लालबाग. आणि जोरात!"

वाटेत ते स्वतःशीच म्हणाले, "त्यांचं पाकीट आपल्याकडे, आपलं पाकीट त्यांच्याकडे, मग माल करतो कोण?" लालबागच्या नाक्यावर त्यांनी हात मागे केला, माझ्याकडून ती नोटीस घेतली, चार तुकडे केले आणि खिडकीबाहेर सोडून दिले.

परब फाटकातच उभे होते. मालकांना टॅक्सीतून धावत उतरताना बघून तेही धावले.

"परब, उद्यापासून कारखाना एक मिनिट बंद राहता कामा नये! दुसरी पाळी सुरू करा! किती माणसं लागतील?"

परबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "माणसा गावतली, सायबानू. पण उद्या जमाचा नाय."

"का?"

"उद्या संयुक्त महाराष्ट्राचो मोर्चा आसा. सगळे जातले. तुमीच म्हणालास, बंद ठेवा."

भाऊसाहेबांनी एकदा कारखान्याकडे बघितलं, एकदा आकाशाकडे.

"मोर्चा काळोख पडल्यावर काढा," ते म्हणाले, "आणि प्रत्येकाच्या हातात कंदील द्या!"